सहा बीप

१९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीला आज कोणता वार आहे हे ठाऊक नसायचं. सकाळी चालू केला की तो आधी तारीख विचारायचा, मग वेळ. ऑपरेटरने कंटाळून नुसतं एंटर दाबलं तर १ जानेवारी १९८० धरून मुकाट कामाला लागायचा. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे त्याला बोर्डावरचे बारीक खटके वरखाली करून सांगावं लागे. सगळा मामला अडाणी. पण त्या बोर्डावर बॅटरी नव्हती, म्हणून ४० वर्षांनंतरही ते बोर्ड बऱ्यापैकी धडधाकट सापडतात.

ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी आणला आणि त्यात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप घातली. तिच्यात एक घड्याळ आणि ६४ बाइटची चिमुकली मेमरी. १४ बाइट घड्याळाचे, उरलेले ५० मशीनने स्वतःविषयी लक्षात ठेवायच्या गोष्टींचे. हार्डडिस्क कोणत्या जातीची, फ्लॉपी कोणती, मेमरी किती. मशीन बंद असताना हे लक्षात ठेवायचं तर बॅटरी हवीच. आयबीएमने ती बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या आत कडेला चिकटवली आणि वायरने जोडली. नक्कल करणाऱ्यांनी ती वायर वाचवली. निकेल-कॅडमियमचे तीन सेल एकत्र गुंडाळलेली, ३.६ व्होल्टची, रिचार्ज होणारी पिंपाच्या आकाराची बॅटरी त्यांनी थेट मदरबोर्डावर सोल्डर करून टाकली.

आपल्याकडे बँकांत, कारखान्यांच्या स्टोअरमध्ये, डीटीपीच्या दुकानांत जी २८६ आणि ३८६ मशीन्स आली, ती मोठ्या कंपनीची असोत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेली, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात हे पिंप होतं. मशीन रोज चालू असेपर्यंत ते चार्ज होत राहायचं आणि कुणाला त्याची आठवणही यायची नाही. त्रास सुरू झाला तो मशीन बंद करून नीट झाकून माळ्यावर ठेवल्यावर.

पुण्याला बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात, असले बोर्ड दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. साठी उलटलेली. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात. आधी रेडिओ, मग ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, मग मॉनिटर, मग मदरबोर्ड असा त्यांचा हात फिरत गेला. त्यांच्या टेबलावर मी पाहिला तो बोर्ड एका तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा होता. नव्वदच्या दशकात देणगीत मिळालेलं ३८६, त्यात एएमडीचा ४० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. नवीन मशीन आल्यावर हे बाजूला झालं. ग्रंथपालबाईंनी त्यासाठी जुन्या साडीचं कव्हर शिवलं, आतून प्लास्टिक लावलं आणि ते कपाटावर चढवलं. दरवर्षी दिवाळीत कव्हर झटकलं जाई, आत कुणी डोकावत नसे. वाचनालयाचे सध्याचे कार्यवाह हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मशीन एसटीने घेऊन ते आले होते.

‘‘चालू करून बघितलंत का, सर?’’ काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

‘‘बघितलं. सहा वेळा बीप वाजतं. पडद्यावर काही नाही.’’

‘‘सहा? नीट मोजलेत?’’

‘‘तीनदा मोजले, काका.’’

काकांनी मान डोलावली. कॅबिनेट उघडायच्या आत त्यांना अर्धं निदान मिळालं होतं. का, ते पुढे सांगतो. आधी त्यांनी सरांना दोन शब्द सुनावले. जुनं मशीन सापडलं की लोकांचा हात पहिल्यांदा प्लगकडे जातो आणि तिथेच जास्तीचं नुकसान होतं. बोर्डावर जे सांडलेलं असतं त्यातून वीज वाहते आणि उरलेसुरले ट्रॅकही जातात. आधी उघडायचं, बघायचं, धुवायचं. वीज शेवटी.

कॅबिनेट उघडलं तेव्हा आत ज्याला सगळे ‘अ‍ॅसिड’ म्हणतात ते दिसलं. ते अ‍ॅसिड नव्हतं. हा घोळ मोटारीच्या बॅटरीमुळे झालेला आहे. तिच्यात गंधकाम्ल असतं, म्हणून कुठलीही बॅटरी गळली की अ‍ॅसिडच गळलं असं आपण धरून चालतो. निकेल-कॅडमियमची बॅटरी १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने बनवली, आणि तेव्हापासून तिच्यात असतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. म्हणजे अल्कली, अ‍ॅसिडच्या बरोबर उलटं. बाहेर आलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. बॅटरीच्या टोकांना जी पांढरी, कापसासारखी बुरशी दिसते ती हीच. आपल्या वैद्यकात जवाच्या राखेपासून काढलेला जवखार असतो, तोही मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच. फरक एवढाच की बोर्डावरच्या या जवखारात तांब्याचे हिरवे-निळे क्षार आणि कॅडमियमही मिसळलेलं असू शकतं. कॅडमियम विषारी असतं. काका हातमोजे घालूनच बसतात, खरवडायचं ते ओलं ठेवून खरवडतात आणि त्या टेबलावर चहा ठेवू देत नाहीत.

बॅटरी गळते का, याचं उत्तर सांगायला सोपं आहे. मशीन बंद असलं तरी घड्याळ चालू राहतं आणि थेंब थेंब वीज पीत राहतं. तीन सेल एकामागे एक जोडलेले. त्यातला सगळ्यात अशक्त आधी संपतो. मग उरलेले दोघे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. आत वायू धरतो, दाब वाढतो, सील सुटतं. शिवाय सीलचं वय होतंच. रोज वापरातलं मशीन त्या बॅटरीला निदान भरत तरी असतं. जपून ठेवलेल्या मशीनमधली बॅटरी पूर्ण रिकामी होऊन वर्षानुवर्षं पडून राहते. त्यात पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणातला किंवा मुंबईतला एक पावसाळा म्हणजे ते पुन्हा ओलं होऊन बोर्डावर दोन पावलं पुढे सरकणार. वर प्लास्टिकचं कव्हर असेल तर आतला दमटपणा बाहेर जायला वाटच नाही. बाईंनी मायेने शिवलेल्या कव्हरचा असा उपयोग झाला, हे काकांनी सरांना सांगितलं नाही. मला सांगितलं.

युरोपात हीच गोष्ट कमोडोर अमिगाच्या बाबतीत घडली, आणि तिथला विनोद जास्त कडवट आहे. १९८७ च्या साध्या अमिगा ५०० च्या बोर्डावर बॅटरी नव्हती. १९९१ मध्ये सुधारून काढलेल्या ५०० प्लसवर घड्याळ आलं आणि त्याच्यासोबत तेच पिंप. साधी मशीन्स आजही माळ्यावरून खाली उतरून चालू होतात. सुधारलेली ‘प्लस’ आतून खाल्लेली निघतात. मोठ्या अमिगा २००० मध्ये बॅटरी प्रोसेसरच्याच शेजाराला बसवली होती, म्हणजे पहिला घास तोच. १९८९ च्या मॅकिंटॉश एसई/३० ची कथा थोडी वेगळी. त्यातला अर्ध्या पेन्सिल सेलएवढा लिथियमचा सेलही ३.६ व्होल्टचाच, पण आत थायोनिल क्लोराइड. तो फुटला की ओलाव्याशी मिळून खरोखरचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड बनतं आणि पत्र्याच्या चौकटीपर्यंत सगळं गंजून जातं. तिथे खाण्याचा सोडा लागतो. निकेल-कॅडमियमवर सोडा टाकणं म्हणजे अल्कलीवर अल्कली टाकणं. इंटरनेटवर बघून सोडा चोळलेले बोर्ड काकांकडे येतात. त्यांच्यावर बोलताना त्यांची भाषा छापण्यासारखी राहत नाही.

कुठलं रसायन सांडलंय हे तपासण्याची त्यांची पद्धत शाळेतलीच आहे. पांढऱ्या बुरशीवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडला आणि लाल लिटमसची पट्टी सरांपुढे धरली. ‘‘घ्या सर, हे तुमचं काम.’’ पट्टी लगेच निळी झाली. सर एवढे खूश झाले की त्यांनी तिचा मोबाइलवर फोटो काढला. नववीच्या वर्गाला दाखवायला म्हणाले.

मग काकांनी बॅटरी निपरने कापली. एक पाय कापावाच लागला नाही, स्पर्श होताच तुटून आला. बॅटरी पिशवीत घालून वेगळ्या डब्यात गेली. तिची जागा कचरापेटीत नाही, ई-कचऱ्यात आहे. त्यांनी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवलं. व्हिनेगरही चालतं, पण दुकानात दिवसभर वास राहतो म्हणून ते सायट्रिक अ‍ॅसिडच वापरतात. लिंबाचा रस नाही, त्यातली साखर आणि चोथा चिकटून बसतो. जुन्या टूथब्रशने ते पाणी बॅटरीच्या जागी लावलं तसा बारीक फेस उठला. फेस म्हणजे कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. फेस येईपर्यंत घासायचं, थांबला की थांबायचं. अख्खा बोर्ड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणारे लोकही आहेत. मला तो प्रकार पटत नाही, काकांनाही नाही. अल्कलीने जे सोडलं ते मग अ‍ॅसिड खातं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुणं, आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसणं आणि रात्रभर पंख्याखाली. उन्हात नाही.

दुसऱ्या दिवशी भिंगाखाली नुकसान नीट दिसलं. बॅटरीच्या चार बोटं परिघात हिरव्या रंगाखालचे ट्रॅक काळे पडले होते. वरचा लाखेसारखा थर शाबूत दिसतो, टोकदार पात्याने टोकरला की कागदासारखा उचलला जातो आणि खाली तांब्याऐवजी काळी पूड. काही ट्रॅक काळे असूनही जिवंत होते, काही वरून लालचुटुक दिसत होते आणि मधेच केसाएवढे तुटलेले. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मीटर कंटिन्युइटीवर लावायचं आणि वाजतं का ते ऐकायचं. जिथे रस पोचला तिथलं सोल्डर राखाडी, खरबरीत झालेलं. त्याला आयर्न लावला तरी ते वितळत नाही. आधी खरवडायचं, भरपूर फ्लक्स लावायचा, नवीन सोल्डर घालून जुनं त्यात मिसळवायचं, मग पंपाने सगळं एकदम ओढायचं. कीबोर्डचा गोल पाच पिनांचा कनेक्टर असाच काढला. त्याच्या पोटात हिरवा चिखल होता.

त्याच्या शेजारीच चाळीस पायांची ८०४२ होती. ही कीबोर्ड सांभाळणारी चिप. सहा बीपचं कोडं इथे सुटतं. या बोर्डावर एएमआयचा बायोस, म्हणजे चालू होताच मशीन तपासणारा प्रोग्राम, होता, आणि त्याच्या भाषेत एक बीप म्हणजे मेमरी रिफ्रेशचा घोटाळा, तीन म्हणजे पहिली ६४ केबी मेमरी गेली, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, आणि सहा म्हणजे ‘८०४२, गेट ए-२०’. कीबोर्डच्या चिपचा आणि मेमरीचा काय संबंध, असं सरांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. जुन्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर एक मेगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नव्हता. पत्ता त्याहून मोठा झाला की तो गोल फिरून शून्यावर यायचा. काही प्रोग्राम या गोल फिरण्यावरच विसंबून होते. एटीच्या नव्या प्रोसेसरला एकविसावी पत्त्याची तार, म्हणजे ए-२०, मिळाली आणि हे प्रोग्राम बिघडणार असं दिसलं. तेव्हा आयबीएमच्या इंजिनिअरांनी ती तार हवी तेव्हा बंद करायची सोय केली, आणि तिचं बटण ठेवलं ८०४२ च्या एका रिकाम्या पायावर. पाय क्रमांक २२. वर्षानुवर्षं प्रत्येक नकलेने हा जुगाड इमानदारीने पुढे चालवला. म्हणून बॅटरी कीबोर्डच्या कोपऱ्यात गळते आणि मशीनला एक मेगाबाइटच्या पलीकडचं जग दिसेनासं होतं.

काकांनी ८०४२ बेसमधून उचलली. २२ व्या पायाखालचा बेसचा पत्रा खाऊन गेला होता आणि तिथून निघणारा ट्रॅक दोन ठिकाणी तुटला होता. शेजारच्या डेटा लाइनही गेल्या होत्या. १२ ते १९ हे आठ पाय डेटाचे, त्यातले तीन मुके. बेस बदलला. चिप भंगारातल्या दुसऱ्या बोर्डावरून घेतली, कारण जुनीचे पाय उचलतानाच वाकून मोडले. मग जंपर मारायचं काम. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्यांकडे मिळते ती केसासारखी इनॅमलची वायर. टोकाला आयर्न धरला की इनॅमल जळून तांबं उघडं पडतं. एक टोक चिपच्या पायाशी, दुसरं जिथे ट्रॅक पुन्हा निरोगी होतो तिथे. काका वायर तुटक्या ट्रॅकच्या वळणांवरूनच चिमट्याने नेतात, सरळ आडवी टाकत नाहीत. वेळ लागतो, पण पुढच्या माणसाला कळतं काय कुठे जातं. शेवटी मोबाइल रिपेअरवाल्यांकडे मिळणारा हिरवा यूव्ही मास्क वर लावून निळ्या दिव्याखाली वाळवला. बॅटरीजवळचा घड्याळाचा क्रिस्टलही बदलला. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. गंजलेल्या पायांवर तो कधी सुरू होतो, कधी नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? हार्डडिस्क काढून यूएसबी अ‍ॅडाप्टरला लावावी, असं मलाही वाटलं होतं. सरांनी ते करून पाहिलं होतं. त्या काळातल्या ४० एमबीच्या डिस्क पत्ता समजतात तो सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांत. आजचे बहुतेक अ‍ॅडाप्टर ती बोली विसरलेत. शिवाय त्या मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने घडवलेलं हे कार्ड डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणायचं, तेही इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. वाचनालयाने डीबेसमध्ये, त्या कार्डाच्या जोरावर, आपली सगळी ग्रंथसूची मराठीत भरली होती. कार्ड बसायला आयएसए स्लॉट लागतो. तो आजच्या नेहमीच्या नव्या मशीनला नसतो.

आणि ग्रंथसूचीचं रजिस्टर? ते एका पावसाळ्यात भिजलं होतं.

बोर्ड पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी टेबलावरच चालू केला, स्लॉटमध्ये पोस्ट कार्ड लावून. या कार्डावर दोन आकडी लाल डिस्प्ले असतो. बायोस कुठपर्यंत पोचला ते त्यावर सरकत जातं. आकडे धडाधड बदलले, थांबले, पुन्हा बदलले. सहा बीप वाजले नाहीत. पडद्यावर मेमरीची मोजणी सुरू झाली आणि मग सीएमओएस, म्हणजे ती ६४ बाइटची मेमरी, बिघडल्याची तक्रार, एफ१ दाबा वगैरे. ही तक्रार अपेक्षितच होती, कारण नवी बॅटरी अजून जोडलीच नव्हती.

नवी बॅटरी काकांनी बोर्डावर सोल्डर केली नाही. असल्या बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा मुळातच असते. तिथे वायर लावून सीआर२०३२ चं नाणं होल्डरमध्ये, कॅबिनेटच्या पत्र्यावर. मधे एक शॉट्की डायोड. हा डायोड विसरला तर जुना बोर्ड त्या नाण्याला निकेल-कॅडमियम समजून चार्ज करायला बघतो, आणि लिथियमचं नाणं चार्ज करायचं नसतं. साधा डायोड टाकला तर तीन व्होल्टमधले सहा-सात दशांश त्यातच जातात आणि काही बोर्डांना उरलेलं पुरत नाही. तीन पेन्सिल सेलही चालले असते. पण अल्कलाइन सेलमध्येही पोटॅशियम हायड्रॉक्साइडच असतं, म्हणून ते ठेवायचे तर बोर्डापासून शक्य तितके लांब.

आता हार्डडिस्कचे तीन आकडे हवे होते. ते ज्या मेमरीत होते तीच गेलेली. काकांनी कॅबिनेटचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, मूळ जोडणाऱ्या कुणा इंजिनिअरने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: ९८०, ५, १७. गुणाकार करा, ५१२ ने पुन्हा गुणा, ४ कोटी २६ लाख बाइट येतात, म्हणजे ४० एमबीची डिस्क. तेव्हाचे हुशार इंजिनिअर हे करून ठेवत, कारण बॅटरी कधी ना कधी दगा देणार हे त्यांना माहीत होतं. सेटअपमध्ये टाइप ४७, म्हणजे आकडे स्वतः भरायचा प्रकार, निवडून आकडे भरले. डिस्क कुरकुरली, फिरली, सी प्रॉम्प्ट आला.

डीबेस उघडल्यावर सर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. अक्षरं ठोकळेबाज होती, काना-मात्रा चौकोनी. पण ग्रंथाचं नाव, लेखक, प्रकाशक, देणगीदार, सगळं वाचता येत होतं. फायली फ्लॉपीवर उतरवल्या, यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हने लॅपटॉपवर घेतल्या. मजकूर इस्की या भारतीय संकेतप्रणालीत होता. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली, आणि तिचं युनिकोड करणं अवघड नाही. त्या काळातल्या डीटीपीच्या फायलींपेक्षा तर कितीतरी सोपं. तिथे प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची स्वतःची गुप्त लिपी असे आणि प्रिंटरच्या पोर्टला हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय पॅकेज उघडतच नसे. महाराष्ट्रात किती छापखान्यांच्या माळ्यावर असल्या फायली पोटात घेतलेली मशीन्स असतील, आणि त्यांतल्या कितींच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी असेल, याचा मी अंदाज करायला गेलो आणि सोडून दिला.

काकांनी तीन हजार सांगितले. सर म्हणाले, वाचनालयाला पावती लागेल. काकांकडे पावतीपुस्तक नव्हतं. अर्धा तास त्यावरच गेला. शेवटी शेजारच्या दुकानाची पावती निघाली.

पंधरवड्याने सरांचा फोन आला. वाचनालयाच्या माळ्यावर आणखी दोन जुनी मशीन्स निघाली होती. या वेळी प्लग लावला नव्हता, आधी झाकण उघडून फोटो पाठवले. पहिल्यात बॅटरीचं पिंप फुटलेलं, खालचे दोन स्लॉट हिरवे. काका म्हणाले, पाठवून द्या, पण घाई नाही, बॅटरी तेवढी आजच कापा आणि हात धुवा. दुसऱ्याच्या फोटोत पिंपच नव्हतं. त्या जागी काळ्या रेझिनचा जाड ठोकळा, त्यावर डॅलस कंपनीचं नाव. घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियमचा सेल एकाच ठोकळ्यात कायमचे ओतलेले. तो सेल संपतो, पण गळत नाही. बोर्ड नवा असल्यासारखा कोरा. त्याला फक्त आज तारीख काय आहे हे कळत नाही आणि हार्डडिस्क आठवत नाही. ठोकळा कानशीने घासून सेलची टोकं उघडी करता येतात आणि बाहेरून नाणं जोडता येतं; काकांनी तसं सुचवलंही. पण सरांच्या मते एवढ्यासाठी पुण्याला यायची गरज नाही. वाचनालयाच्या शिपायाला त्यांनी सेटअपमध्ये आकडे भरायला शिकवलंय आणि तो म्हणतो, रोज सकाळी कुलूप उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच याला लागतो.